रागावर चालणारे यंत्र

मनुष्य प्रेमाच्या बळावर जगतो, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. वाचलेले खोटे ठरवण्याचा मला अधिकार नाही, कारण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु ज्या काळात माझा श्वास एका मुठीएवढ्या यंत्रात मोजला जात होता, त्या काळात मला जे जगवत होते त्याला प्रेम म्हणणे ही त्या शब्दाची विटंबना होय. माझी थोरली बहीण माझा द्वेष करीत असे, मी तिचा करीत असे, आणि या बाबतीत आम्ही दोघांनीही कधी हात आखडता घेतला नाही.

प्रथम माझा धंदा सांगतो, म्हणजे श्वासाचे मोल ध्यानी येईल. मी घाऊक फळबाजारात लिलाव पुकारणारा. उजाडता उजाडता मालाच्या गाड्या रिकाम्या होतात, पेट्यांच्या थप्प्या लागतात, आणि चौथऱ्यावर उभे राहून एका दमात भाव चढवत न्यायचा असतो. मध्येच श्वास घेतला की बोली तुटते. गिऱ्हाईक कान खाजवते, विचार करू लागते, आणि विचार करणारे गिऱ्हाईक म्हणजे व्यापाऱ्याचे मरण. बाजारात मला ‘तोफ’ म्हणत. माझ्या हाताखाली जो गडी तयार होत होता, तो बॅटरीवरचा कर्णा तोंडाला लावल्याशिवाय पुकारीत नसे, म्हणून त्याचे नाव ‘भोंगा’ पडले. तोफ आणि भोंगा यांतील अंतर सुज्ञांस सांगणे न लगे.

अशा स्थितीत मला रक्ताचा आजार झाला. डॉक्टरांनी समजावले की, हाडांच्या आतला मगज, जिथे रक्त तयार होते, तो जालीम औषधांनी रिकामा करावा लागेल आणि त्या जागी दुसऱ्याच्या मूळपेशी सोडाव्या लागतील. दुसरा म्हणजे कोण, तर शक्यतो सख्खे भावंड. मला भावंड एकच. तिची तपासणी झाली आणि ती तंतोतंत जुळली. ज्या दोन माणसांचे आयुष्यात एका वाक्यावर जुळले नाही, त्यांचे रक्तात काही उणे निघाले नाही, ही विधात्याची थट्टाच म्हटली पाहिजे.

ताई मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक होती. आमचे वडील शाळामास्तर. त्यांची विद्या तिने उचलली, आणि माझ्या वाट्याला नुसता त्यांचा आवाज आला. वडील गेले तेव्हा जमलेल्या मंडळींपुढे दोन शब्द बोलावेत म्हणून मी उठलो. रात्रभर मनात जुळवलेली वाक्ये होती. ताईने माझी बाही ओढून मला खाली बसवले आणि सर्वांना ऐकू जाईल असे एक वाक्य बोलली. ते वाक्य पुढे येणार आहे. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद होते.

ती रुग्णालयात आली, दोन्ही दंडांत सुया खुपसून दिवसभर मूळपेशी गाळून घेणाऱ्या यंत्राशेजारी पडून राहिली, आणि निघताना माझ्या खोलीच्या काचेपाशी थांबून आतल्या फोनवर म्हणाली, “गैरसमज करून घेऊ नकोस. तुझ्याकडे बघीन म्हणून आईला शब्द दिला होता. नाहीतर तुझ्यासाठी मी नखसुद्धा कापून दिलं नसतं.”

मी बरा झालो. माझा रक्तगट तेवढा वेगळा होता, तोही बदलून तिचा झाला. हे जेव्हा माझ्या पत्नीला कळले, तेव्हा ती कपाळाला हात लावून म्हणाली की, वन्संशी जुळवून घेता घेता निम्मी हयात गेली. तेव्हा निदान त्या दुसऱ्या घरात तरी होत्या, आता नवऱ्यातच येऊन राहिल्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले की, नव्या पेशी कधी कधी यजमानालाच परका समजतात आणि त्याच्यावर उठतात. कातडीवर उठल्या तर दिसते, तोंडात उठल्या तर झोंबते. परंतु फुप्फुसात उठल्या तर काहीच कळत नाही. आतल्या बारीक नळ्या हळूहळू अरुंद होत जातात, आणि माणसाला धाप लागेपर्यंत बरेच काही गेलेले असते. गेलेले परत येत नाही. जे उरले ते राखायचे, तर वेळेवर कळले पाहिजे. मी विचारले की, बहिणीच्या पेशी भावाला ओळखणार नाहीत काय? ते हसून म्हणाले, सांगता येत नाही. माझ्या मनात आले, सगळ्या जन्मात बहिणीनेच ओळखले नाही, तिथे पेशींना काय दोष द्यावा.

यासाठीच ते यंत्र. मुठीत मावेल एवढे, पुढे पुठ्ठ्याची नळी, सोबत नाकाला लावायचा चिमटा. ताठ बसायचे, छाती फुटेस्तोवर श्वास घ्यायचा, ओठ नळीवर घट्ट मिटायचे आणि एकदम, स्फोट व्हावा तसे फुंकायचे; मग आत थेंबभर हवा उरेपर्यंत फुंकतच राहायचे. असे दर रविवारी तीनदा. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो आकडा मोबाईलवर उमटतो आणि आपोआप रुग्णालयात जातो. तिथे एक परिचारिका बसलेली असे. आकडा उतरला की तिचा फोन येई.

सुरुवातीस पत्नी शेजारी बसे. ती घरी कपडे शिवते. शिलाई यंत्राच्या फळीवरच ते दुसरे यंत्र ठेवलेले असे. मी फुंकू लागलो की ती म्हणायची, “पुरे, पुरे, दमाल.” तिच्या तोंडून हे ऐकले की माझा श्वास आज्ञाधारकपणे थांबे. परिचारिकेचा फोन येई की, काका, फुंक मध्येच सुटते आहे, असा आकडा आम्हाला उपयोगाचा नाही.

अशात ताई सेवानिवृत्त झाली. वसतिगृहातली खोली सोडावी लागली तेव्हा ती एक लोखंडी ट्रंक आणि एक टेबलघड्याळ घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यावर हजर झाली. कोणी बोलावले नव्हते. आईला दिलेला शब्द, एवढेच तिने उंबऱ्यात सांगितले. पहिल्या रविवारी तिने माझे फुंकणे पाहिले, पत्नीला स्वयंपाकघरात पाठवले आणि स्वतः समोर खुर्ची टाकून बसली.

ती माझ्या नाकाला चिमटा स्वतःच्या हाताने लावी, आणि तो लावताना तिला होणारा आनंद ती लपवीत नसे. पाठ खुर्चीला टेकलेली तिला चालत नसे. मग सुरू होई.

“फुंक. अजून. थांबू नकोस, आहे अजून आत. बाजारात गाढवासारखा ओरडायचास, तेव्हा कुठून येत होता दम? माझ्या हॉस्टेलातल्या पोरी मेणबत्ती याच्यापेक्षा बरी विझवायच्या. फुंक. सातवीत गळलास, इथे तरी पुरं कर काहीतरी.”

नाकाला चिमटा, तोंडात नळी. उत्तर देण्याची सोय नाही. जी उत्तरे घशाशी येत, ती सर्व हवेच्या रूपाने त्या नळीत जात. डोळ्यांपुढे काजवे चमकत. आणि आकडा चढला. पुढच्या रविवारी आणखी चढला. परिचारिकेने कौतुकाने विचारले की, काका, काय बदल केलात? मी सांगितले, हवापालट.

यावरून मी एक सिद्धान्त बांधला. माझ्या मते ते यंत्र हवेवर चालत नव्हते, रागावर चालत होते. जितका द्वेष आत साठेल, तितका आकडा वर. हा सिद्धान्त मला इतका पटला की, त्याच्या आधारावर मी पुढील आयुष्याचा आराखडाही आखला. कारण डॉक्टरांनी कबूल केले होते की, नव्या हंगामापर्यंत आकडा टिकला, तर सकाळचा थोडा वेळ मला चौथऱ्यावर उभे राहू देऊ. बाजाराच्या चिटणीसांनीही माझी जागा हंगामापर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर ती भोंग्याची. माझ्या दृष्टीने जगणे म्हणजे तो चौथरा होता. त्याविना नुसता श्वास घेणे हे मला भाड्याच्या सायकलीवर एकाच जागी पायडल मारण्यासारखे वाटे.

एके दिवशी भोंगा मला भेटायला आला. वाकून नमस्कार केला, दादा कधी येताय, असे तोंडभरून विचारले, आणि नजरेने मात्र माझ्या छातीचे माप घेत होता. मी उत्तर देणार तोच ताई आतून आली.

“हा येत नाही,” ती त्याला म्हणाली. “जागा तूच घे. मी माझ्या पेशी दिल्या त्या याने पेट्यांवर चढून बोंबलावं म्हणून नाही दिल्या.”

भोंगा चहा अर्धा ठेवून उठला. त्याला जी बातमी हवी होती ती मिळाली होती. तो जिना उतरला की नाही याची वाट न पाहता मी ताईला घर सोडण्यास सांगितले. ती शांतपणे म्हणाली, “घर तुझं आहे. पण आत जे वाहतंय ते माझं. तेवढं काढून दे, लगेच जाते.”

मी तिची ट्रंक ओढत नेऊन जिन्याच्या चौकात ठेवली. ती ओढताना मला दोनदा थांबावे लागले, ट्रंक जड होती. ताईने टेबलघड्याळ काखोटीस मारले आणि मागे वळून न पाहता गेली. दोन गल्ल्या पलीकडे वसतिगृहाच्या जुन्या स्वयंपाकिणीकडे तिने एक खोली घेतल्याचे नंतर कळले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

रविवारी आकडा उतरला.

परिचारिकेने फोन करून सांगितले की, सर्दी वगैरे असेल, पुढच्या आठवड्यात परत बघू. मला सर्दी नव्हती. पुढच्या आठवड्यात तो आणखी उतरला. आता तिचा स्वर बदलला. चांगल्या आकड्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त घट झाली आहे, काका, उद्याच या, इथल्या काचेच्या पेटीत बसवून नीट मोजू. मी तिला माझा सिद्धान्त समजावून दिला. आकडा रागाचा होता, राग घर सोडून गेला, म्हणून आकडा गेला. फुप्फुसाचा यात काही संबंध नाही. ती पुन्हा म्हणाली की, उद्याच या.

गेलो असतो तर काय झाले असते, हे मला ठाऊक होते. पुन्हा ती औषधे, ज्यांनी चेहरा फुगतो आणि हात थरथरतात; आणि हंगाम तोंडावर आलेला. मी तिचा फोन उचलणे सोडले.

राग परत आणण्याचा मी प्रयत्न केला. पत्नीला समोर बसवून म्हटले, मला टाकून बोल. तिने शिवणाची सुई खाली ठेवली, बराच विचार केला आणि म्हणाली, “तुम्ही ना... तुम्ही फार घोरता.” यावर आकडा किती येणार?

परंतु तीच पत्नी दुसऱ्या दिवशी, कपड्यांचे गाठोडे घेऊन माझ्यामागून जिना चढताना म्हणाली, “अहो, तुम्ही हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबता.”

मी म्हणालो की, मी सूचनाफलक वाचत असतो. मला वाचनाची आवड आहे, हे तिला ठाऊक आहे.

“फलक बदललेला नाही,” ती म्हणाली. “पाण्याची टाकी धुणार आहेत, एवढंच आहे त्यावर. ते तुम्ही रोज वाचताय.”

मी तिच्यावर ओरडलो. ओरडणे अर्ध्यावरच संपले.

त्या संध्याकाळी मी ताईच्या खोलीवर गेलो. तिच्यापुढे नमते घ्यावे म्हणून नव्हे. माझा सिद्धान्त खरा ठरावा म्हणून. दोन गल्ल्या चालताना वाटेतल्या बहुतेक दुकानांच्या काचा मी निरखून पाहिल्या. ती खिडकीशी वाचत बसली होती. मला बस म्हणाली नाही.

मी म्हणालो, “एकदा घरी ये. मला फुंकायचं आहे. तू बोललीस की आकडा वर जातो.”

“म्हणजे तुला माझ्या शिव्या हव्यात.”

“हो.”

“मागून घेतलेल्या शिवीला धार नसते,” ती म्हणाली. तरीही तिने पुस्तक मिटले. माझ्याकडे पाहिले, मग दाराच्या चौकटीवर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिले, आणि चपला पायात घातल्या.

वाटेत ती नेहमीसारखी पुढे चालली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आले.

घरी आल्यावर जुनी मांडणी झाली. ताठ खुर्ची, चिमटा, नळी. पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी खूण केली आणि ताई सुरू झाली. गाढव झाले, मेणबत्ती झाली, सातवी झाली. मी सर्व शक्तीनिशी फुंकले. आकडा मागच्या आठवड्याहूनही खाली होता.

मी म्हणालो की, ती मनापासून बोलत नाही. ती पांढरीफटक झाली. दुसऱ्या वेळी मी नळी तोंडात धरली, तेव्हा ती पुढे वाकली आणि वडिलांच्या माघारी सर्वांदेखत बोललेले ते वाक्य तिने जसेच्या तसे, त्याच आवाजात उच्चारले.

“खाली बस. बाबांचं नाव तुझ्या तोंडी आलं की त्याला सडक्या फळांचा वास येतो.”

एवढा राग माझ्या आयुष्यात मला कधी आला नव्हता. तो पायाच्या अंगठ्यापासून निघाला. मी फुंकले ते तिला उडवून देण्यासाठी फुंकले. कानात घंटा वाजू लागल्या, डोळ्यांपुढे अंधार झाला, खुर्ची कुरकुरली. आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक बारीकशी, दार किलकिले राहिल्यावर वारा शिरावा तशी, शिट्टी वाजत राहिली.

आकडा तोच होता. एक टिंबसुद्धा वर गेला नव्हता.

राग पुरेपूर होता. हवा नव्हती.

तिसरी फुंक बाकी होती. मी नळी पुन्हा तोंडाशी नेली आणि ताईकडे पाहिले. ती काही बोलेना. मी हाताने खूण केली की, बोल. तिने पुढे होऊन माझ्या नाकाचा चिमटा काढला. “शिव्या संपल्या,” ती म्हणाली. मग माझा मोबाईल उचलून तिने परिचारिकेला स्वतः फोन लावला, आणि वसतिगृहातल्या पोरी उशिरा आल्यावर जो स्वर लावीत असेल त्या स्वरात सांगितले की, आम्ही सकाळी पोहोचतो आहोत, पेटी रिकामी ठेवा.

काचेच्या पेटीत बसून मी फुंकले आणि पेटीने घरच्या यंत्राला दुजोरा दिला. डॉक्टरांनी पडद्यावर एक वक्ररेषा दाखवली. निरोगी माणसाची रेषा छपरासारखी उतरते. माझी मध्ये पोटात लाथ बसल्यासारखी आत गेली होती. मी त्यांना सिद्धान्त सांगितलाच. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले की, ताईंनी तुम्हाला ताठ बसवलं आणि शेवटपर्यंत फुंकायला लावलं, म्हणून आधीचा आकडा खरा आला. तो खरा आला म्हणूनच आजचा उतार इतक्या लवकर पकडता आला. राग कितीही असू द्या, नळी अरुंद झाली की हवा तेवढीच येणार.

गेले ते परत मिळणार नव्हते, परंतु उरलेले बरेच होते. औषधे लिहून दिली, छातीत ओढायचा फवारा दिला. चौथऱ्याचे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. तिथून बाहेर पडताना मीच बाजाराच्या चिटणीसांना फोन केला आणि म्हणालो, भोंग्याला सांगा, कर्णा तोंडापासून जरा लांब धर, शब्द फाटतात.

परिचारिकेच्या टेबलापाशी ताई मागे रेंगाळली होती. मी वळून पाहिले तेव्हा ती विचारीत होती की, हे जे आत चाललंय, ते माझ्याच पेशी करताहेत ना? परिचारिकेने होय म्हटले, आणि यात कोणाचा दोष नसतो, असेही म्हटले. मी ऐकले आहे हे ताईच्या ध्यानात आले. ती माझ्याजवळून पुढे जाता जाता म्हणाली, “माझ्या पेशी तुझ्यावर उठल्या असतील, तर त्यांनी मला विचारलेलं नाही. मला तुझं वाईट करायचं असतं तर मी ते तोंडाने केलं असतं. करतेच आहे.”

मी म्हणालो, “त्यात तू कधी कमी पडली नाहीस.”

घराखाली पोहोचलो तेव्हा ताई आपल्या खोलीकडे वळली नाही. आम्ही जिना चढू लागलो. पत्नी पुढे, मी मध्ये, ताई मागे. पहिल्या मजल्याच्या चौकात माझे पाय थांबले. सवयीने मी फलकाकडे तोंड केले. पण डोळ्यांत पाणी तरळले होते आणि अक्षरे लागत नव्हती. पत्नी वरच्या पायरीवर थांबली.

मग ताई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तो फलक मोठ्याने वाचू लागली. सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की. पाण्याची टाकी. धुण्याचे काम. प्रत्येक शब्दानंतर ती थांबत होती. वाचून संपले. मी अजून हललो नव्हतो. तिने एकदा माझ्या छातीकडे पाहिले, घसा साफ केला, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

“लक्ष दे,” ती मध्येच म्हणाली. “तुला एकदा वाचून कळत नाही.”